घरातलं दुसरं मूल

घरातलं एखादं लेकरू मोठ्या दुखण्याने आजारी पडलं की अख्खी वाडी चौकशीला येते. "बारका कसा आहे?", "ताप उतरला का?", "डॉक्टर काय म्हणतात?" सगळे प्रश्न आजारी मुलाबद्दल, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच घरातलं आणखी एक मूल पडवीत खांबाला टेकून हे सगळं ऐकत उभं असतं. ते धडधाकट असतं, शाळेत जातं, ताटात वाढलेलं गुपचूप खातं. त्याला कुणी काही विचारत नाही. विचारण्यासारखं काही दिसतच नाही ना!

हा लेख त्या दुसऱ्या मुलाबद्दल आहे. दुसरं म्हणजे नंबराने दुसरं नव्हे. ते थोरलं असेल किंवा पाठचं असेल. भावाला किंवा बहिणीला रक्ताचा कॅन्सर, थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मतः हृदयाचा दोष, सेरेब्रल पाल्सी असं काही आहे आणि आपण मात्र ठणठणीत आहोत, अशा घरात वाढलेली मुलं आपल्या हॉस्टेलवरही आहेत. ती सहसा सांगत नाहीत. मीही पहिली दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून आधी विषय नीट समजावून सांगते, मग थोडं घरचं.

मुंबई लांब आहे

महाड-पोलादपूरकडे या गोष्टीला एक वेगळं वळण आहे, आणि ते भूगोलामुळे आहे. दोन्हीकडे ग्रामीण रुग्णालय आहे, महाड शहरात खासगी दवाखानेही आहेत. ताप, साप, फ्रॅक्चर इथे बघतात. पण लहान मुलाच्या रक्ताचा कॅन्सर म्हटला की रस्ता एकच, मुंबई. महाडपासून साधारण पावणेदोनशे किलोमीटर, पोलादपूर त्याच्याही पुढे वीसेक किलोमीटर, आणि डोंगरातल्या वाड्या आणखी आत.

मुंबईत जायचं ते बहुतेक परळला. केईएम (१९२६), लहान मुलांचं वाडिया (१९२९) आणि टाटा मेमोरियल (१९४१) ही तिन्ही हॉस्पिटलं तिथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आणि याच परळ-लालबाग-शिवडीच्या चाळींत आपल्याकडचे चाकरमानी गिरणीकामगार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी कुणा काकाची, कुणा आत्याची खोली तिथे अजून असते. हॉस्पिटलच्या जवळ डोकं टेकायला जागा मिळते ती या नात्यांमुळे. पण खोली दहा बाय बाराची, त्यात आधीच पाच माणसं! आई आणि आजारी लेकरू कसेबसे मावतात. आणखी एक पोर कुठे ठेवणार? शिवाय त्याची शाळा इकडे, गुरं इकडे, म्हातारी आजी इकडे. म्हणून ते इकडेच राहतं.

हे काही आठवड्यांचं काम नसतं. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिले सहा-आठ महिने कडक केमोथेरपी, नंतर गोळ्या आणि ठरावीक तारखांच्या फेऱ्या. उपचार पुरे केले तर यातली बरीचशी मुलं बरी होतात, आणि म्हणूनच आई-बाप जिवाचं रान करतात. खर्चाला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला भाड्यात सवलत आहे. मागे राहिलेल्या भावंडाला भेटीला न्यायचं तर मात्र त्याचं तिकीट या सवलतीत बसत नाही. असं ते घर गोवा हायवेच्या दोन टोकांना विभागून राहतं. या टोकाला उरतं ते दुसरं मूल.

भार जातो कुठे?

आपण इंजिनियरिंगवाले, म्हणून आपल्या भाषेत सांगते. तीन-चार आधारांवर टेकलेल्या सलग बीमचा एक आधार खचला तर त्याच्यावरचा भार नाहीसा होत नाही. तो शेजारच्या आधारांवर जातो. घराचंही तसंच. आई मुंबईला गेली म्हणजे आईची कामं मुंबईला जात नाहीत. पाणी भरणं, आजीची औषधं, धाकट्याचं दप्तर, पावसाळ्यात लावणीच्या माणसांचा चहा... हे सगळं घरात जो उभा आहे त्याच्यावर येतं. नऊ-दहा वर्षांचं पोर बघता बघता घरातलं मोठं माणूस होतं. मानसशास्त्रात याचा बराच अभ्यास झाला आहे. मुलाने आई-बापाची भूमिका उचलायची, असा हा प्रकार.

मजा अशी की याचं सगळीकडे कौतुक होतं. "किती शहाणी आहे हो पोर! कसला हट्ट नाही की काही नाही." हे कौतुक मुलाला फार लवकर कळतं. आपण काही मागितलं नाही की सगळे खूष असतात, हा धडा ते पक्का करतं. मग फाटलेली चप्पल सांगायची नाही. पोटात दुखलं तर सांगायचं नाही. गॅदरिंगमध्ये नंबर आला तरी फोनवर सांगायचं नाही, कारण पलीकडे आज ब्लड रिपोर्ट वाईट आलेला असतो. अशा मुलाला तडा गेलेला दिसत नाही म्हणून ते ठीक आहे असं धरू नये. थोडाच, पण पुन्हा पुन्हा पडणारा भार पोलादालाही थकवतो, आणि तो फटीग वरवर बघून कळत नाही, हे आपण लॅबमध्ये शिकतोच.

लहान डोक्यात काय चालतं?

चार ते सात वर्षांच्या मुलाला वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून बाहेर तसं घडलं. भावाला ढकललं होतं, "मर जा" म्हटलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात तो आजारी पडला. झालं! आपल्यामुळेच झालं, असं ते मूल ठरवून टाकतं आणि हे कुणालाही बोलून दाखवत नाही. त्यात मोठी माणसं त्याच्यादेखत बोलत असतात. कुणी नजर लागली म्हणतं, कुणी नवस फेडायचा राहिला म्हणतं, आणि एखादी शेजारीण मुलीच्या पायगुणाबद्दलही बोलून जाते. ऐकणाऱ्याच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं.

थोडी मोठी मुलं घाबरतात. मलाही होईल का? त्याचं ताट वापरलं तर? इथे साफ सांगायला हवं. कॅन्सर शिवाशिवीने पसरत नाही. धोका असलाच तर तो उलट्या दिशेने असतो. केमोथेरपीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे निरोगी भावंडाने शाळेतून आणलेली साधी सर्दीसुद्धा आजारी मुलाला महागात पडते. कांजिण्या आपल्याकडे अंगावर काढायचा आजार समजतात, पण केमो चालू असलेल्या मुलाच्या त्या जिवावर बेतू शकतात. म्हणून भाऊ घरी आला तरी "लांब बस", "हात धुतलेस का?", "शिंकलीस ना, बाहेर जा" हे सुरू होतं. कारण बरोबर असतं, पण ते समजावून सांगितलं नाही तर मुलाला कळतं एवढंच, की घरातली घाण मी आहे.

आणि हो, मत्सर! भावाला नवीन खेळणी येतात, पाहुणे त्याच्यासाठी सफरचंदं आणतात. उपचारातल्या स्टिरॉइडमुळे त्याला सारखी भूक लागते आणि तो चिडचिडा होतो. तो मागेल ते मिळतं, आणि त्याने मारलं तरी उलट मारायचं नाही. मग वाटतं, आपण आजारी पडलो असतो तर बरं झालं असतं. लगेच दुसरा विचार येतो, किती वाईट आहोत आपण! राग आणि रागाची लाज, दोन्ही एकाच वेळी. हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्याने कुणी वाईट ठरत नाही.

आमच्या घरचं

माझ्या पाठच्या भावाला २०१५ मध्ये ल्युकेमिया निघाला. तो पाच वर्षांचा, मी दहा. आई त्याला घेऊन लालबागला मामांकडे राहिली. बाबा महाडच्या एमआयडीसीत कामाला, शिफ्ट संपवून मुंबईच्या फेऱ्या मारायचे. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आजीजवळ. भावाला काय झालंय हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. "रक्त कमी झालंय" एवढंच. आजाराचं खरं नाव मला शाळेत कळलं, एका मुलीच्या तोंडून. तिच्या घरी ते सगळ्यांना माहीत होतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडला. एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं त्या पुरात गेली. त्या मंगळवारी बाबा मुंबईहून परत यायचे होते आणि यायचा रस्ता त्याच पुलावरून. सकाळी वाडीत सगळे पुलाबद्दलच बोलत होते. मी आजीला विचारलं, तर म्हणाली, "आता काय इचारू नको गं बाय, त्यांना तिकडं काय कमी ताप हाय?" मी गप्प बसले. दप्तर भरलं, शाळेत गेले, दिवसभर फळ्यावरचं उतरवून घेतलं. संध्याकाळी शेजारच्या दादाच्या फोनवर कळलं की भावाला ताप भरल्यामुळे बाबा निघालेच नव्हते. मी रडले नाही. सगळे म्हणाले, किती समजूतदार आहे!

यात आजीची काही चूक नव्हती. तीही घाबरलेली होती. पण दहा वर्षांचं पोर एक अख्खा दिवस बाप जिवंत आहे की नाही ते न विचारता काढू शकतं, याला समजूतदारपणा म्हणावं का, हा प्रश्न मला अजून पडतो. मला वाटतं, विचारायचं नसतं हे मी तोपर्यंत फार चांगलं शिकले होते. भाऊ आता बरा आहे, दहावीला आहे, गणितात माझं डोकं खातो. आणि अजूनही घरून अवेळी फोन आला की माझा पहिला शब्द असतो, "त्याला काय झालं?"

रक्ताचं गणित

काही आजारांत दुसऱ्या मुलाचा संबंध थेट रक्ताशी येतो. बोन मॅरो बदलायची वेळ आली तर दात्याशी एचएलए जुळावं लागतं. आईकडून एक संच आणि बापाकडून एक संच येतो, त्यामुळे सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं असतील तर निदान एकाचं जुळण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास, तीन असतील तर ५८. भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये टाटा मेमोरियलला डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस व्हीलचेअरवरून डॉक्टरी करतो. आज टाटाचं अॅक्ट्रेक केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे आणि तिथे अशी प्रत्यारोपणं होतात.

दात्याची मॅरो काही आठवड्यांत भरून येते. पण मनाचं काय? जुळलं नाही तर मुलाला वाटतं, आपण कामाला आलो नाही. जुळलं आणि तरी भाऊ वाचला नाही तर वाटतं, माझंच रक्त खराब. म्हणून टेस्टच्या आधीच त्याला सांगायला हवं की हा नशिबाचा फासा आहे, परीक्षेचा निकाल नाही.

थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये वेगळं गणित आहे. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारात एक शक्यता आजाराची, दोन शक्यता वाहक असण्याच्या आणि एक पूर्ण मुक्त असण्याची. आता जे मूल आजारी नाही, त्याच्यापुरती पहिली शक्यता बाद होते. उरल्या तीन, त्यातल्या दोन वाहकाच्या. म्हणजे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन! वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण जोडीदारही वाहक असेल तर पुढच्या पिढीत प्रश्न येतो. एका साध्या रक्त तपासणीत हे कळतं. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा आजार असेल तर लग्नाच्या बोलणीपर्यंत थांबू नका, आत्ताच करून घ्या.

जगात याला नाव आहे

हे फक्त आपल्या घरात होतं असं मला खूप दिवस वाटायचं. तसं नाही. अमेरिकेत सिएटलला डॉन मायर नावाच्या माणसाने १९८० च्या दशकात फक्त अशा भावंडांसाठी मेळावे सुरू केले. त्यांना सिबशॉप म्हणतात. मुलं एकत्र येतात, खेळतात, खातात आणि मधेच घरचं बोलतात. तिथे "मला माझ्या भावाचा राग येतो" असं म्हटलं तर कुणी दचकत नाही, कारण सगळ्यांनाच येतो. अॅलिशिया मेपल्स या बाईंनी २०१० मध्ये एका भाषणात अशा मुलांना काचेची मुलं म्हटलं. आई-बापाची नजर त्यांच्यातून आरपार जाते आणि आजारी मुलावर थांबते, म्हणून काचेची.

आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) ज्यांनी पाहिला असेल त्यांना भावाच्या स्किझोफ्रेनियाबरोबर जगणारी बहीण आठवेल. भाऊ तिचा, संसारही तिचाच, आणि दोन्ही सांभाळताना तिची होणारी ओढाताण. आजार जन्मभराचा असेल तर दुसऱ्या मुलासमोर हाच प्रश्न येतो: आई-बाबांनंतर याचं कोण बघणार? घरात तो मोठ्याने विचारत नाहीत, पण नोकरी पुण्याला घ्यायची की बंगलोरला, हे ठरवताना तो डोक्यात असतोच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करायचा. आई-वडील हातीपायी धड असतानाच या गोष्टी बसून बोलाव्यात.

सगळं वाईटच असतं असंही नाही. अशा घरातली मुलं दुसऱ्याचं दुखणं लवकर ओळखतात, कामाला मागे हटत नाहीत, हे अभ्यासकांनाही दिसलं आहे. फक्त त्याची किंमत त्या मुलाने एकट्याने भरू नये.

मग करायचं काय?

घरच्यांसाठी:

१. खरं सांगा, वयाला झेपेल तेवढं. आजाराचं नाव, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तो तुला लागणार नाही, आणि उद्या तुला शाळेत कोण सोडणार. या चार गोष्टी पुरतात. मुलाला त्या घरातून कळू द्या, शाळेच्या मैदानात नको.

२. आई मुंबईला असेल तर फोनवर रोज दहा मिनिटं फक्त या मुलाची. त्यात भावाचा विषय नाही.

३. जमेल तेव्हा एकदा मुंबई दाखवा. वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत, पण इमारत दिसली, भाऊ कुठे झोपतो ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तरी मनातली भुतं कमी होतात.

४. शाळेत बाईंना सांगून ठेवा. गृहपाठ का राहिला ते मूल स्वतः सांगणार नाही.

५. त्याने हट्ट केला, रडलं, भांडलं तर खुशाल करू द्या. गप्प मुलाची जास्त काळजी करा.

हॉस्टेलसाठी:

तुमचा रूममेट घरचा फोन घ्यायला नेहमी बाहेर जात असेल, स्वतःच्या तापाला "काही नाही रे" म्हणत असेल, पण दुसऱ्याच्या तापाला रात्रभर जागत असेल, तर एकदा निवांत विचारा. "तू किती स्ट्राँग आहेस" हे म्हणू नका, ते त्याने लहानपणापासून ऐकलंय. रेक्टर सरांना आणि मॅडमना विनंती, अशा विद्यार्थ्याने अचानक रजा मागितली तर कागदपत्रं नंतर मागा. ज्यांना मित्रांशी बोलणं जड जातं त्यांच्यासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

आणि रक्तदान. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात आणि रक्तपेढ्यांत तेव्हाच टंचाई असते. सुट्टीला घरी जाण्याआधी हॉस्टेलने एक शिबिर घेतलं तर कुणाच्या तरी बहिणीची एक धावपळ वाचेल.

शेवटी एक छोटी गोष्ट. सुट्टीत गावी गेल्यावर कुणाच्या आजारी मुलाला बघायला जाल, तेव्हा पिशवीत एक फळ, एक वही जास्तीची टाका. पडवीत जे मूल उभं असेल त्याच्या हातात ती द्या, आणि आत जाण्याआधी त्याला त्याच्या नावाने हाक मारून विचारा, "काय गं, तू कशी आहेस?" उत्तर "बरी आहे" असंच येईल. तरी दोन मिनिटं थांबा.

(अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)